ऑनलाइन शाळा विकत घेण्याची सोपी रीत

(अमेरिकेतल्या नवनिर्वाचित स्कूल बोर्ड सदस्यांसाठी. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीतून थेट बोर्डावर पोहोचलेल्यांनी दोनदा वाचावी.)

अभिनंदन! मंडळाच्या गणेशोत्सवात पार्किंग सांभाळता सांभाळता तुम्ही गावच्या स्कूल बोर्डावर निवडून आलात. घरच्यांना हे पद नेमकं काय आहे ते अजून कळलेलं नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं काहीतरी असावं असा आईचा समज आहे, आणि तो फारसा चुकीचा नाही. पगार नाही किंवा नावापुरता आहे, शिव्या भरपूर आहेत आणि सही कोट्यवधी डॉलरवर करायची आहे. त्या कोट्यवधींत कुठेतरी 'डिजिटल लर्निंग पार्टनर' अशी एक ओळ असेल. ही मार्गदर्शिका तेवढ्या एका ओळीपुरती आहे.

दुकान कसं चालतं

तुम्ही जिथे शिकलात तिथे हा प्रश्नच नव्हता. पुस्तक बालभारतीचं, अभ्यासक्रम पुण्यात ठरलेला, किंमत मागच्या पानावर छापलेली. अमेरिकेत असं एक घाऊक दुकान नाही. देशात तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, सुपरिंटेंडंट वेगळा, तिजोरी वेगळी. मुलांना काय यायला हवं याचा आराखडा राज्य देतं. त्यासाठीचा धडा कोणाकडून विकत घ्यायचा हे बहुतेक ठिकाणी तुम्ही ठरवता. म्हणून कंपनीचा माणूस तेरा हजार दारं वाजवत फिरतो, आणि तुमच्या दारावर तो तुमच्या शपथविधीच्या आठवड्यात येईल. चहा घेणार नाही, कारण तो कॉफी घेऊन आलेला असेल, तुमच्यासाठीसुद्धा.

त्याच्याशी बोलण्याआधी एवढं पाठ करून ठेवावं: राज्याचा पैसा मुलांच्या डोक्यांच्या हिशेबाने येतो. किती डोकी, हे विचारतात. डोक्यात काय गेलं, हे वेगळ्या खात्यात, वेगळ्या वर्षी, वेगळा माणूस विचारतो. या व्यवसायातले बहुतेक चमत्कार या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत घडलेले आहेत.

गरज ठरवणं

खरी गरज अस्तित्वात आहे, हे मान्य करायला हवं. मोंटानामध्ये अशी हायस्कूल आहेत की ज्यांच्या सगळ्या वर्गांत मिळून आपल्या एका तुकडीएवढी मुलं नसतात. तिथल्या एखाद्या मुलीला कॅल्क्युलस शिकायचं असेल तर शिकवणारा माणूस शंभर मैलांत सापडत नाही. तिच्यासाठी २०१० साली मोंटाना डिजिटल अकॅडमी निघाली, मिसुलाच्या विद्यापीठात तिचं बिऱ्हाड आहे, आणि हे काम चोख आहे. ऑनलाइन कोर्सची सगळ्यात चांगली जाहिरात हीच मुलगी आहे. अडचण अशी की अशी मुलगी एका शाळेत एकच असते. एका मुलीवर कंपनीचा शेअर वर जात नाही.

म्हणून अनुभवी डिस्ट्रिक्ट गरज दुसरीकडे शोधतं. पदवीदान समारंभाच्या यादीत नाव नसलेली मुलं पाहावीत. ती पुष्कळ असतात, त्यांचे पालक बैठकीला येत नाहीत, आणि त्यांच्यामुळे डिस्ट्रिक्टचा 'ग्रॅज्युएशन रेट' खाली येतो. तो दर वर्तमानपत्रात छापून येतो आणि घरांच्या किमती त्याच्याकडे बघून हलतात.

नापास मुलाला पास करण्याची कृती

एखादा मुलगा अल्जिब्रात नापास झाला की पूर्वी त्याला तो विषय पुन्हा बसून शिकावा लागे. आता त्याला संगणकासमोर बसवतात. व्हिडिओ, प्रश्न, व्हिडिओ, प्रश्न. काही ठिकाणी पूर्वचाचणी जमली की तो धडाच गाळता येतो. चुकलेली चाचणी पुन्हा देता येते, आणि उत्तर शोधायला शेजारी दुसरी खिडकी उघडी असतेच. वर्षाचा विषय काही आठवड्यांत उरकतो, जिद्दी विद्यार्थी असेल तर काही दिवसांत. एका खोलीत वीस-तीस मुलं, प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा विषय, कानात इअरफोन, आणि देखरेखीला एक शिक्षक. तो शिक्षक मुळात कोणत्या विषयाचा आहे हे विचारू नये. या प्रकाराला 'क्रेडिट रिकव्हरी' म्हणतात. शिक्षण परत मिळवलं असा दावा नावातही कोणी केलेला नाही, क्रेडिट तेवढं परत मिळवलं.

२०१०-११ मध्ये देशभरात वेळेत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ७९ टक्के होतं, २०१६-१७ मध्ये ते ८५ टक्क्यांवर गेलं. यात या पद्धतीचा वाटा किती, यावर अभ्यासक भांडतात. बोर्डाने त्या भांडणात पडू नये. श्रेय घेऊन फोटो काढावा.

तपासणीचं काय, असं एखादा निवृत्त शिक्षक सभेत उभा राहून विचारेल. त्याला सांगावं की तपासणीही संगणकच करतो. २०२० च्या सप्टेंबरात एजेन्युइटी या कंपनीच्या कोर्सवर एका बारा वर्षांच्या मुलाने इतिहासाची छोटी उत्तरं लिहिली आणि पाठवल्याबरोबर गुण हातात आले. गुण बेताचे होते. आई स्वतः इतिहासाची प्राध्यापक होती. इतक्या झटक्यात कोणताही माणूस ते उत्तर वाचू शकत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं. मग मायलेकांनी मिळून युक्ती केली. दोन पूर्ण वाक्यं लिहायची आणि त्यांच्यापुढे प्रश्नाशी संबंध असू शकेल अशा शब्दांची नुसती रांग लावायची. पैकीच्या पैकी! आपल्याकडे दहावीच्या मुलांना महत्त्वाच्या शब्दाखाली पट्टीने रेघ मारायला शिकवतात, परीक्षकाची नजर तिथे जावी म्हणून. इथे रेघेचीही गरज राहिली नाही, आणि वाक्याचीही.

कंपनीचं म्हणणं असं की यंत्राने दिलेले गुण शिक्षकाला बदलता येतात. येतातच. त्यासाठी शिक्षकाने प्रत्येक उत्तर वाचायला हवं, आणि ते वाचायला लागू नये म्हणून तर तुम्ही हा कोर्स विकत घेतलात.

(अशा कोर्सबद्दल शंका आली तर कोणाकडे जावं? राज्याच्या शिक्षण खात्याकडे जायची घाई करू नये. २०१४ साली एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेने के-ट्वेल्व्ह या कंपनीचे धडे वापरणाऱ्या २४ ऑनलाइन शाळांचे कोर्स खेळाडूंच्या पात्रतेसाठी धरायचे नाहीत असं ठरवलं. बीजगणिताची प्रतिष्ठा राखायचं काम बास्केटबॉलवाल्यांकडे गेलं, आणि त्यांनी ते बरं केलं.)

करार कधी आणि कसा करावा

करार उन्हाळ्यात करावा. शिक्षक सुटीवर असतात, पालक भारतात किंवा समुद्रावर असतात, आणि शाळा उघडायला थोडेच आठवडे असल्यामुळे 'आता वेळ नाही' हे वाक्य वापरता येतं. साथीचा रोग चालू असल्यास उत्तमच. तेव्हा निविदासुद्धा मागवाव्या लागत नाहीत.

या विषयातला अभिजात नमुना मायामी-डेडचा आहे. हे देशातल्या पाच सगळ्यात मोठ्या डिस्ट्रिक्टांपैकी एक, मुलं साडेतीन लाखांच्या आसपास. २०२० च्या उन्हाळ्यात सुपरिंटेंडंट अल्बर्टो कार्व्हालो यांच्या प्रशासनाने याच के-ट्वेल्व्ह कंपनीशी १ कोटी ५३ लाख डॉलरचं ठरवलं, निविदा न मागवता. शिक्षकांना नवी यंत्रणा शिकवायचं काम शाळा उघडायच्या तोंडावर झालं. ३१ ऑगस्टला शाळा उघडली आणि पडदे पांढरे राहिले. लॉग-इन होईना. एका बाजूने नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड, दुसऱ्या बाजूने सायबर हल्ले. हल्लेखोर शोधत पोलिस निघाले. आंतरराष्ट्रीय टोळीची चर्चा चालू असताना त्यांच्या हाती लागला तो डिस्ट्रिक्टच्याच हायस्कूलमधला सोळा वर्षांचा विद्यार्थी. त्याने वापरलेलं हत्यार इंटरनेटवर फुकट मिळणारं आणि बरंच जुनं होतं. त्या आठवड्यात डिस्ट्रिक्टमध्ये संगणकावर काहीतरी पूर्णत्वाला नेलेला विद्यार्थी बहुधा तोच.

९ सप्टेंबरला बोर्डाची बैठक बसली. पालक-शिक्षकांचे शेकडो ध्वनिमुद्रित निरोप ऐकावे लागले. बैठक तेरा तास चालली. त्या तेरा तासांत एक गंमत बाहेर आली: ज्या करारावर मुलं शिकत होती, किंवा शिकत नव्हती, त्यावर कंपनीची सही होती, सुपरिंटेंडंटांची नव्हतीच. मध्यरात्र उलटून गेल्यावर बोर्डाने के-ट्वेल्व्हला निरोप दिला आणि शिक्षक झूम आणि टीम्सवर शिकवायला मोकळे झाले. म्हणजे पहिल्या दिवशी जे फुकटात करता आलं असतं ते दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं.

नवख्यांनी यातून सहीबद्दलचा धडा घ्यावा. सही न करणं हा निष्काळजीपणा दिसतो, पण प्रकरण अंगाशी आलं की तीच दूरदृष्टी ठरते.

देणगीबद्दलही याच प्रकरणात शिकण्यासारखं आहे. के-ट्वेल्व्हने डिस्ट्रिक्टशी निगडित एका धर्मादाय संस्थेला १५ लाख ७० हजार डॉलर दिले होते. त्या संस्थेचे अध्यक्ष सुपरिंटेंडंटच होते. पुढे डिस्ट्रिक्टच्या इन्स्पेक्टर जनरलने चौकशी केली. नियम मोडलेला नाही, मात्र व्यवहार दिसायला बरा दिसत नाही, असा त्याचा सूर होता. दिसायला बरं नसणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. तरी देणगी आणि करार यांच्यात एखादं आर्थिक वर्ष जाऊ द्यावं, असं आपलं माझं मत.

डिस्ट्रिक्ट लहान असेल तर

मुलं कमी, कर कमी, छप्पर गळतं, बस जुनी. अशा डिस्ट्रिक्टने खचू नये. मोठी डिस्ट्रिक्ट ऑनलाइन शाळा विकत घेतात, लहान डिस्ट्रिक्टने आपलं नाव भाड्याने द्यावं.

रीत अशी. टेनेसीतल्या युनियन काउंटीने २०११ साली टेनेसी व्हर्च्युअल अकॅडमी काढली. डोंगराळ भाग, मुख्य गाव मेनार्डव्हिल, कंट्री संगीतातला रॉय एकफ तिथला. अकॅडमी कागदावर या काउंटीची, चालवणार के-ट्वेल्व्ह, आणि मुलं राज्यभरातून. नॉक्सव्हिलचा किंवा मेम्फिसचा मुलगा आपल्या स्वयंपाकघरात बसल्या जागी युनियन काउंटीचा विद्यार्थी होतो, त्याच्यामागे राज्याचा पैसा युनियन काउंटीत येतो आणि चार टक्के ठेवून घेऊन कंपनीकडे जातो. काउंटीला वर्ग बांधावा लागत नाही, बस धाडावी लागत नाही, मुलाचं तोंडही बघावं लागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षणसम्राटांना इमारत बांधल्याशिवाय हे सुचलं नव्हतं.

निकाल वाईट आला तर काय? तेव्हा जुने गुण उत्साहवर्धक नसतात हे लक्षात घ्यावं. डिसेंबर २०१२ मध्ये या अकॅडमीच्या शिक्षकांना ई-मेल गेलं की सप्टेंबर-ऑक्टोबरमधले नापासाचे गुण नोंदीतून काढून टाका. ते एका टीव्ही वाहिनीच्या हाती लागलं. मुलांची आजची खरी प्रगती दिसावी एवढाच हेतू होता, असा खुलासा झाला. तो वाचून मला माझ्या गणिताच्या प्रगतिपुस्तकाची फार आठवण आली. आजच्या प्रगतीचा विचार त्या काळी कोणी केला नाही.

नाव भाड्याने द्यायचा आणखी विस्तृत प्रयोग पाहायचा असेल तर कॅलिफोर्नियाला जावं. तिथे चार्टर शाळेला, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणाऱ्या शाळेला, परवानगी देणाऱ्या डिस्ट्रिक्टला देखरेखीची फी घेता येते. शाळा ऑनलाइन असेल तर मुलं दूरदूरची चालतात. सॅन डिएगोजवळच्या एका चिमुकल्या डिस्ट्रिक्टने आपल्या स्वतःच्या पटाच्या कितीतरी पट मुलांच्या चार्टर शाळांवर देखरेख अंगावर घेतली. फी येत होती. देखरेख कोण करत होतं हा प्रश्न पुढे ग्रँड ज्युरीपुढे आला. मे २०१९ मध्ये 'ए-थ्री' नावाच्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या जाळ्यातल्या अकरा जणांवर आरोपपत्र ठेवलं गेलं. शॉन मॅकमॅनस आणि जेसन श्रॉक हे त्यातले प्रमुख, आणि २०२१ मध्ये दोघांनीही गुन्हा कबूल केला. या जाळ्यात १९ शाळा होत्या आणि राज्याकडून त्यांनी घेतलेली रक्कम सुमारे ४० कोटी डॉलर.

त्यांची मुलं गोळा करायची पद्धत फार सोपी होती. उन्हाळ्यात पोरं बेसबॉल, फुटबॉल खेळायला मैदानावर येतात. फॉर्म भरतात. संघाला शाळेकडून माणशी काही पैसे मिळतात, पोरांची नावं शाळेकडे जातात. पुष्कळ मुलांना आणि त्यांच्या आईबापांना आपण दुसऱ्या एका शाळेत शिकत आहोत याचा पत्ताच नव्हता. मूल दुपारी चेंडू मारत होतं, त्याच दुपारी कागदावर त्याचं शिक्षण चालू होतं.

हजेरी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून शांतपणे वाचावा.

ओहायोत २००० साली इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो, थोडक्यात 'ईकॉट', ही ऑनलाइन चार्टर शाळा सुरू झाली. संस्थापक विल्यम लेगर. शाळा सार्वजनिक पैशावर, आणि शाळेला व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या खासगी कंपन्या लेगर यांच्याच. एका हाताने विकायचं आणि दुसऱ्या हाताने घ्यायचं असल्यामुळे भावावरून तंटा होत नसे. शाळा वाढत वाढत राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शाळांत गेली. पदवीदानाला राजकारणी भाषणं करायला येत.

२०१६ मध्ये राज्याने एक विचित्र प्रश्न विचारला: ही मुलं रोज किती वेळ शिकतात? ईकॉटने पट दाखवला, पंधरा हजारांच्या वर. राज्याने लॉग-इनच्या नोंदी मागितल्या. त्या पाहिल्यावर पूर्ण वेळ शिकणारी मुलं भरली साधारण सहा हजार तीनशे. शाळेचा बचाव वाचण्यासारखा आहे. कायद्याने आम्ही वर्षाला ९२० तास शिकण्याची संधी उपलब्ध करून द्यायची आहे, आणि ती आम्ही दिली. मुलांनी ती घेतली की नाही हे मोजायला कायद्यात सांगितलेलं नाही. खानावळवाल्याने ताट मांडल्याचे पैसे घ्यावेत, जेवणारा आला का हे विचारू नये, असा हा युक्तिवाद. तो ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे हरला, पण तोवर बरीच वर्षं चालला होता. राज्याने आठ कोटी डॉलरच्या आसपास परत मागितले आणि जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मधोमध, शाळा बंद पडली. बाराएक हजार मुलांना फेब्रुवारीत नवी शाळा शोधावी लागली. ती संख्या खरी की पटावरची, हे त्या दिवशीही कोणाला छातीठोक सांगता आलं नसतं.

मराठी वाचकाला इथे ओळखीचं वाटेल. २०११ साली ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत महाराष्ट्रात पटपडताळणी झाली. महसूल खात्याची माणसं एकाच वेळी शाळांत शिरली, एका मुलाची दोन शाळांत मोजणी होऊ नये म्हणून बोटाला शाई लावली, आणि वीस लाखांच्या घरात मुलं फक्त कागदावर निघाली. शेजारच्या गावातून टेम्पोने आणलेली मुलंसुद्धा त्या शाईने पकडली गेली. तेव्हा आपण आपल्या शाळांना फार नावं ठेवली. ओहायोच्या अधिकाऱ्यांची अडचण जास्त मोठी होती. शाई लावायला बोट तरी समोर हवं.

म्हणून करारातलं हजेरीचं कलम संदिग्ध ठेवावं. 'नोंदणी झालेला विद्यार्थी' असा शब्दप्रयोग चांगला. 'शिकणारा विद्यार्थी' असं चुकूनही लिहू नये, त्याला पुरावा लागतो. आणि 'लॉग-इन' लिहायचं असेल तर लॉग-आउट कधी झालं याचा उल्लेख टाळावा.

निकाल

२०१५ साली स्टॅनफर्डच्या क्रेडो या केंद्राने पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांतल्या मुलांची तुलना साध्या शाळांतल्या तशाच मुलांशी केली. ऑनलाइन मुलं वाचनात ७२ दिवसांच्या शिकण्याएवढी मागे होती. गणितात १८० दिवसांएवढी. अमेरिकेत शाळेचं वर्ष १८० दिवसांचं असतं.

हा अहवाल बोर्डाच्या फोल्डरमध्ये ठेवू नये.

यंत्रं

लॉस एंजेलिसने २०१३ साली प्रत्येक मुलाच्या हाती आयपॅड द्यायचं ठरवलं, आत पिअर्सन कंपनीचा अभ्यासक्रम. सगळी योजना १३० कोटी डॉलरची. विकत घेतला तेव्हा तो अभ्यासक्रम अपुरा होता, नमुन्याचे धडे होते. आठवडाभरात काही हायस्कूलच्या तीनेकशे मुलांनी सुरक्षेचं कुलूप काढून फेसबुक उघडलं. पुढच्या वर्षी करार गुंडाळला, सुपरिंटेंडंट जॉन डेसी पायउतार झाले, एफबीआयने खोकीच्या खोकी कागद नेले.

दहा वर्षांत आठवणी पुसट होतात. मार्च २०२४ मध्ये त्याच लॉस एंजेलिसने 'एड' नावाचा बोलका चॅटबॉट आणला, चेहरा हसऱ्या सूर्याचा. बनवणारी कंपनी ऑलहिअर, करार ६० लाख डॉलरपर्यंतचा, त्यातले निम्मे देऊन झालेले. जूनमध्ये कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, नोव्हेंबरमध्ये तिच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. सूर्य तीन महिन्यांतच मावळला होता. त्या वेळी लॉस एंजेलिसचे सुपरिंटेंडंट कोण होते? अल्बर्टो कार्व्हालो. मायामीहून २०२२ मध्ये आले होते. अनुभवाला या देशात किंमत आहे.

टाळायची कलमं

काही सदस्य स्वभावाने चौकस असतात. त्यांना इंटरनेटवर फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलची माहिती सापडेल आणि ते ती बैठकीत मोठ्याने वाचून दाखवतील. १९९७ साली ऑरेंज आणि अलाचुआ या दोन काउंटींच्या डिस्ट्रिक्टांनी राज्याच्या २ लाख डॉलरच्या अनुदानावर ती स्वतःच उभी केली, कोणाकडून विकत घेतली नाही. २००३ पासून तिला पैसे मिळतात ते मुलाने कोर्स यशस्वीपणे पूर्ण केल्यावर. नुसतं नाव घातलं आणि मूल गळालं तर राज्य त्या मुलाचे पैसे देत नाही. याचेही तोटे आहेत, शिक्षकावर पास करण्याचा दबाव येतो. पण निदान कंपनीला किंवा शाळेला त्या मुलाला शोधत, फोन करत, आईशी बोलत बसावं लागतं.

असं कलम तुमच्या करारात घाला, असं कोणी सुचवलं तर विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे बघावं. तो म्हणेल, कल्पना सुंदर आहे, आमच्या कायदा विभागाला विचारून सांगतो. दुसरं कलम याहून धोक्याचं: प्रत्येक ऑनलाइन वर्गाच्या खोलीत पगारी, हजर, विषयाचा थोडाफार गंध असलेला एक मोठा माणूस असेल. मोंटानातल्या त्या मुलीच्या शाळेत असा माणूस नेमलेला असतो. तो तिला कॅल्क्युलस शिकवत नाही, ती गेले तीन दिवस पडद्यासमोर बसलेली नाही हे त्याला ठाऊक असतं, एवढंच. असा माणूस ठेवला की ऑनलाइन कोर्स स्वस्त पडत नाही. मग घ्यायचा कशाला, असा प्रश्न येतो, आणि तो एकदा आला की बैठक लांबते.

नूतनीकरण

तीन वर्षांनी करार संपेल, किंवा लोक ओरडतील म्हणून आधीच संपवावा लागेल. रद्द करताना भाषण करावं, टाळ्या घ्याव्यात. पुढच्या वसंतात नवा प्रस्ताव येईल. कंपनीचं नाव ऐकलेलं वाटणार नाही, आणि जुन्या फायलीत शोधूनही सापडणार नाही, कारण या धंद्यात बारशी वारंवार होतात. के-ट्वेल्व्ह डिसेंबर २०२० मध्ये, मायामीनंतर तीन महिन्यांनी, स्ट्राइड झाली. प्लेटो लर्निंग २०१२ मध्ये एडमेंटम झाली. एज्युकेशन ट्वेंटी-ट्वेंटीची एजेन्युइटी झाली आणि एजेन्युइटीची इमॅजिन एजेन्युइटी. तुमच्या आधीच्या बोर्डाने हाकलून दिलेली कंपनी आणि आज कॉफी घेऊन आलेली कंपनी एकच आहे का, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

प्रस्ताव मंजूर करताना तो 'कन्सेंट अजेंडा'त टाकावा. या यादीतल्या विषयांवर चर्चा होत नाही, सगळे मिळून एकदाच हात वर करायचा असतो. छपराची दुरुस्ती वरती, बसचे टायर खाली, आणि मधे तीन वर्षांची ऑनलाइन शाळा. एखाद्या सदस्याला हवं असेल तर तो एक विषय यादीतून बाहेर काढून चर्चेला घ्या म्हणू शकतो. त्यासाठी आधी प्रस्तावाची पानं वाचावी लागतात, आणि ती बैठकीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी, मंडळाच्या कोजागरीच्या तयारीच्या ऐन वेळी, ई-मेलने येतात.